दिवसभर वावरात वाकणाऱ्यानं योग का करायचा, आणि कसा

"दिवसभर वावरातच असतो, आणखी कोणता योग करायचा?" असं विदर्भातल्या गावोगावी लोक विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. निंदण, डवरणी, कापूस वेचणी करणाऱ्या शरीराला कसरतीची कमी नाही. पण हात पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीच्या झाडावर असतात आणि डोकं बँकेच्या हप्त्यात, आभाळात, पोरीच्या लग्नात अडकलेलं असतं. योगाचं काम तिथे सुरू होतं.

पतंजलींच्या योगसूत्रांत दुसऱ्याच सूत्रात व्याख्या येते : योगश्चित्तवृत्तिनिरोधः. चित्तात उठणाऱ्या तरंगांना आवर घालणं म्हणजे योग. एकूण 195 सूत्रं (काही पाठांत 196), त्यातली थेट आसनावरची फक्त तीन, आणि त्यांतलं पहिलं सांगतं की आसन स्थिर आणि सुखाचं असावं. पाय मानेमागे नेण्याबद्दल तिथे अक्षरही नाही. शरीर त्रास न देता बसू शकलं की मन बसवता येतं. आसन हवं ते त्यासाठी. 21 जूनला मैदानावर जे दिसतं, तो या वाटेचा एक टप्पा आहे.

खाली दिलेला सराव साधारण 35 मिनिटांचा आहे. वेळ पहाटेची, पोट रिकामं. संध्याकाळी करायचा असेल तर जेवणानंतर चार तास जाऊ द्या. बाजेवर करू नका, ती मध्ये झोळते आणि कंबर तिच्यासोबत जाते. जमिनीवर सतरंजीची दुहेरी घडी पुरते.

आधी बैठक, कारण बहुतेक लोक इथेच चुकतात. मांडी घालून बसल्यावर गुडघे कमरेपेक्षा वर राहिले, तर कंबर मागे कलते, पाठ धनुष्यासारखी वाकते आणि दहा मिनिटांत कंबर बोलू लागते. मग माणूस म्हणतो, ध्यान आपल्याला जमत नाही. खरी अडचण बैठकीची असते. गोधडीची किंवा रिकाम्या पोत्यांची तीन-चार इंच उंच घडी करा आणि तिच्या पुढच्या कडेवर बसा, म्हणजे नितंब घडीवर आणि गुडघे खाली उतरलेले. तरीही गुडघे दुखले तर भिंतीला पाठ टेकून पाय लांब करून बसा, किंवा खुर्चीवर तळपाय जमिनीला टेकवून. त्यात काहीही कमीपणा नाही.

आता आसनं, बारा-पंधरा मिनिटं. शेतीकाम पाठीला सतत पुढे वाकवतं, म्हणून इथे मागे वळणारी आसनं जास्त आणि पुढे वाकणारी कमी ठेवा. सुरुवात ताडासनानं : तळपाय एकमेकांपासून वितभर दूर, श्वास घेत हात वर, टाचा उचलून तीन श्वास, मग खाली. असं तीनदा.

मग भुजंगासन, यावर वेळ द्या. पालथं झोपा, तळवे छातीशेजारी, कोपरं बरगड्यांना लागून. बेंबी जमिनीवरच ठेवून श्वास घेत छाती उचला, तीन ते पाच श्वास थांबा, सावकाश टेकवा, तीन वेळा. बहुतेक जण हातांनी रेटून वर जातात, खांदे कानांना भिडतात आणि सगळा दाब कमरेच्या एकाच मणक्यावर येतो. स्वतःची परीक्षा सोपी आहे : वर गेल्यावर तळवे जमिनीपासून अर्धा इंच उचला. त्यानंतर जेवढी उंची उरते, तेवढीच तुमच्या पाठीची. रोज तिथपर्यंतच जा, महिन्याभरात ती आपोआप वाढते. त्यानंतर एकेक पाय उचलून अर्धशलभासन, दोन्ही बाजूंनी तीनदा, आणि पालथंच मकरासनात, म्हणजे हातांच्या घडीवर कपाळ टेकून, दोन मिनिटं विसावा. शेवटी उताणं होऊन एकेक गुडघा छातीशी घ्या. कंबरेतून पायात कळ किंवा मुंग्या उतरू लागल्या तर त्या दिवशी थांबा आणि डॉक्टरला दाखवा. सराव वाढवून ती कळ जात नाही.

श्वासाला आठ मिनिटं. पहिली दोन मिनिटं फक्त चार आकड्यांत श्वास घ्या, सहा आकड्यांत सोडा. मग नाडीशोधन : उजव्या अंगठ्यानं उजवी नाकपुडी बंद, डावीतून श्वास आत, अनामिकेनं डावी बंद, उजवीतून बाहेर, उजवीतूनच आत, डावीतून बाहेर. हे एक आवर्तन, अशी दहा. बोट नाकपुडीला फक्त टेकलेलं असावं. दाबलं की मान एका बाजूला झुकते. श्वास कोंडून धरणं पहिले सहा महिने नको, आणि पुढेही जाणत्याच्या देखरेखीखालीच. दम लागला, कानात गुंजलं, तर आकडे कमी करा. तोंडात खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) असताना यातलं काहीही होत नाही. सरावाच्या तासभर आधी तो थुंकून चूळ भरणं ही गावातल्या बऱ्याच जणांसाठी तपाची पहिली पायरी ठरेल.

उच्च रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, काचबिंदू, गर्भारपण किंवा नुकतंच ऑपरेशन झालेलं असेल तर कपालभाती आणि भस्त्रिका ही जोराची श्वसनं करू नका. गर्भारपणी पालथी आसनंही नकोत. आपल्या भागात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण बरेच आहेत. शरीरातलं पाणी कमी होणं, थंडी आणि अति दमणं यांनी त्यांच्या वेदना उसळू शकतात. त्यांनी आधी पाणी प्यावं, हलकी आसनं आणि साधा श्वास एवढंच ठेवावं, तेही डॉक्टरांना विचारून.

आता ज्यासाठी हे सगळं केलं ते. दहा मिनिटं डोळे मिटून बसा आणि सुटणारा श्वास एक ते दहा मोजा. तीनवर असताना मन जिनिंगमधल्या कापसाच्या भावाकडे जाईल, पाचवर शेजाऱ्याच्या धुऱ्याकडे, म्हणजे बांधाकडे. कळल्याबरोबर परत एकपासून. रागावू नका आणि विचार दाबूही नका. मन पार रिकामं झालं पाहिजे असं समजून लोक आठवड्यात सोडून देतात. खरा सराव त्या परत येण्याचा आहे, आणि एका बैठकीत तो पन्नासदा झाला तरी बैठक चांगलीच झाली. ज्या गावांत राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना होते, तिथे लोकांना गप्प बसण्याची सवय असते. प्रार्थनेनंतर लगेच उठू नका, तिथेच ही दहा मिनिटं बसा.

धुऱ्याचं नाव आलंच आहे, तर यम-नियमांबद्दल, म्हणजे वागण्यात पाळायच्या बंधनांबद्दल. अष्टांग योगात ते आसनाच्या आधी येतात. पाचपैकी एक यम अस्तेय, म्हणजे जे आपलं नाही ते न घेणं. पेरणीच्या वेळी धुरा कोरून शेजाऱ्याच्या वावरात एक तास, म्हणजे पेरणीची एक ओळ, जास्त टाकणारा माणूस पहाटे डोळे मिटतो, तेव्हा त्याच्यापुढे श्वास नसतो, तो धुरा असतो. यम पाळायचे ते मन मोकळं राहावं म्हणून, हे एकदा ध्यानात आलं की ते जाचक वाटत नाहीत.

मे महिन्यात पारा 45 वर जातो, तेव्हा अंगणात पहाटे पाचच्या आत बसा आणि जोराची श्वसनं सोडून द्या. शीतली चालेल : जिभेची नळी करून तिच्यातून श्वास आत, नाकानं बाहेर, दहा वेळा. पावसाळ्यात ओसरीवर, पण ओल्या फरशीवर नाही. फवारणीच्या दिवशी कपडे बदलून, साबणानं अंघोळ केल्याशिवाय बसू नका. फवारणीनंतर चक्कर, मळमळ, डोळ्यांपुढे धूसर वाटलं तर प्राणायामानं बरं होईल या भरवशावर राहू नका. फवारलेल्या औषधाचा डबा सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा.

सवंगणीत (पीक कापणीत) आणि वेचणीच्या भरात 35 मिनिटं निघत नाहीत. तेव्हा आसनांतून मकरासनाची दोन मिनिटं ठेवा, नाडीशोधनाची पाच आवर्तनं आणि पाच मिनिटं बैठक. भुजंगासन सुटलं तर पुढच्या महिन्यात परत येतं. बैठक पंधरा दिवस मोडली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.