कवीची मुलाखत घेताना एकच कविता समोर ठेवावी

कवीची मुलाखत घ्यायला बसलेला माणूस बहुतेक वेळा 'तुमच्या कवितेमागची प्रेरणा कोणती?' या प्रश्नाने सुरुवात करतो, आणि मुंबईतल्या मराठी कवींशी गेली काही वर्षे बोलत असताना माझी खात्री झाली आहे की याच प्रश्नाचे उत्तर सर्वांत कमी उपयोगाचे असते. कवीने हा प्रश्न इतक्या वेळा ऐकलेला असतो की बालपण, आई, गाव आणि आवडते कवी अशा ठरलेल्या थांब्यांवरून त्याचे उत्तर आपोआप पुढे जाते. अरुण कोलटकर मुलाखती द्यायला फारसे राजी नसत. आवडत्या कवी-लेखकांविषयी एकदा विचारले गेले तेव्हा त्यांनी एक लांबलचक यादीच सांगितली. तीत व्हिटमन होता, मर्ढेकर होते, संतकवी होते आणि लॉरेल-हार्डी ही पडद्यावरची जोडीही होती. ती यादी वाचायला सुरेख आहे, पण त्यांतले एखादे नाव पकडून कोलटकरांच्या एखाद्या ओळीपर्यंत पोहोचायचे असेल, तर विचारणाऱ्याने ती ओळ आधी स्वतः अनेकदा वाचलेली असायला हवी. या लेखात जी पद्धत सांगणार आहे, तिचा सगळा भर या आधीच्या वाचनावर आहे.

पद्धत अशी की कवीची एकच कविता निवडावी, ती छापील स्वरूपात दोघांच्या मध्ये ठेवावी आणि संभाषण शक्यतो त्या कवितेपासून सुरू करून तिच्याकडेच परत आणावे. हे मला उशिरा कळले. बोरिवलीला एका ज्येष्ठ कवयित्रींच्या घरी मी दहा प्रश्न लिहून नेले होते, आणि तासाभरात मला मिळालेली दहाही उत्तरे त्यांच्या जुन्या मुलाखतींत छापून आलेली होती. चहा आला तेव्हा मी ध्वनिमुद्रण थांबवले आणि सहज विचारले की पहिल्या आवृत्तीतल्या एका कवितेत 'उंबरा' होता, तो दुसऱ्या आवृत्तीत 'पायरी' कसा झाला. त्यांनी कप खाली ठेवला. चाळीतली खोली सोडून त्या इमारतीत राहायला आल्या तेव्हा घराला उंबराच उरला नव्हता, तो शब्द आईच्या तोंडचा होता आणि आपण तो केवळ सवयीने वापरला होता, हे पुस्तक हातात आल्यावर त्यांना जाणवले होते. त्या पुढे अर्धा तास बोलल्या. घर बदलल्यावर आपली भाषा कशी बदलली, आईचे कोणते शब्द ठेवले आणि कोणते सोडले, याविषयीचे ते बोलणे त्या दिवशीच्या मुलाखतीतले सर्वांत मोलाचे होते, आणि त्याचे ध्वनिमुद्रण माझ्याकडे नाही.

म्हणून पहिले काम वाचनाचे. कवीचे सर्व संग्रह वाचावेत, आणि शक्य असेल तिथे एकाच कवितेची नियतकालिकात प्रथम छापलेली आवृत्ती आणि पुस्तकातली आवृत्ती शेजारीशेजारी ठेवून पाहावी. मुंबईत राहणाऱ्याला ही सोय आहे. १८९८ साली स्थापन झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या दादरच्या संदर्भ विभागात जुन्या नियतकालिकांच्या फायली बसून वाचता येतात. साठ-सत्तरच्या दशकांतली अनियतकालिके, म्हणजे कवी-लेखकांनी स्वतः काढलेली, ठरावीक काळाने न निघणारी छोटी मासिके, मात्र सगळीकडे मिळत नाहीत. त्यांतले अंक बहुधा त्या पिढीच्या कवींच्या घरच्या कपाटांतच असतात, आणि ते दाखवण्याची विनंती आधीच्या फोनवरच केली तर मुलाखतीला आणखी एक धागा मिळतो.

कविता निवडताना सर्वांत गाजलेली कविता टाळावी असे माझे मत आहे, कारण तिच्यावर कवी इतके बोललेला असतो की तिच्याभोवतीही तयार उत्तरांचे कुंपण पडलेले असते. निवडलेली कविता एका बैठकीत मोठ्याने वाचता येईल एवढी असावी आणि तिच्यात आपल्याला खरोखर न कळलेली अशी एखादी तरी जागा असावी. ती जागा झाकू नये. १९७२ साली नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' हा कवितासंग्रह आला, त्याची प्रस्तावना विजय तेंडुलकरांनी लिहिली. तेंडुलकर तेव्हा नावाजलेले नाटककार होते. तरीही ती लिहिण्याआधी ते ढसाळांबरोबर मुंबईतल्या गोलपिठ्याच्या वेश्यावस्तीत हिंडले, आणि त्या जगातले किती शब्द आपल्याला अपरिचित होते हे त्यांनी प्रस्तावनेत लपवले नाही. कवीला त्याच्या शब्दाचा अर्थ विचारण्यात वाचकाची अप्रतिष्ठा नाही, आणि 'हा शब्द तुमच्याकडे नेमका कशासाठी वापरतात?' या प्रश्नातून कवीचे घर, त्याची गल्ली, त्याचे काम आणि त्याची माणसे एकेक करून बोलण्यात येऊ लागतात. प्रेरणेविषयी जे आपल्याला हवे असते ते याच वाटेने मिळते.

वेळ ठरवताना मुंबईचा विचार करावाच लागतो. इथले बहुतेक मराठी कवी बँकेत, शाळा-महाविद्यालयांत, महापालिकेत, जाहिरातसंस्थांत किंवा वर्तमानपत्रांत काम करून लिहितात. संध्याकाळी साडेसातला चर्चगेटहून गाडी पकडून विरारला पोहोचणाऱ्या माणसाला रात्री नऊ वाजता कवितेविषयी बोलते करणे हा त्याच्यावर अन्याय आहे. रविवारची सकाळ सर्वांत बरी. २७ फेब्रुवारीच्या, म्हणजे मराठी भाषा गौरव दिनाच्या आगेमागे विचारू नये, कारण त्या आठवड्यात कवींना एका व्यासपीठावरून दुसऱ्या व्यासपीठावर जावे लागते. मुलाखत दिवाळी अंकासाठी असेल तर ती जूनपूर्वी झालेली असावी, म्हणजे लिहून काढायला, कवीला दाखवायला आणि दुरुस्त करायला अवधी राहतो. पहिला संपर्क करताना कोणती कविता घेऊन येणार आहोत हे स्पष्ट सांगावे, पण प्रश्न आधी पाठवू नयेत. कविता कळली म्हणजे कवी आपल्या जुन्या वह्या शोधून ठेवतो, आणि प्रश्न कळले म्हणजे उत्तरे पाठ होतात.

जागा म्हणून कवीचे घरच उत्तम, कारण वह्या आणि पुस्तके हाताशी असतात. हॉटेलात बसणे रम्य वाटते, आणि काळा घोड्याच्या वेसाइड इनमध्ये बसणाऱ्या कोलटकरांची आठवण असल्याने अनेकांना तो मोह होतो, पण कपबश्यांचा आवाज ध्वनिमुद्रणात माणसाच्या आवाजापेक्षा मोठा येतो. घरीही पंखा, कुकरच्या शिट्ट्या, खिडकीवरची कबुतरे आणि रुळांलगतची इमारत असेल तर दर काही मिनिटांनी जाणारी लोकल, या सगळ्यांचा अंदाज आधी घ्यावा. फोन टेबलावर नुसता ठेवू नये, कारण टेबलाला लागलेला प्रत्येक धक्का त्यात उतरतो. खाली घडी केलेला रुमाल ठेवावा आणि फोन विमान अवस्थेत टाकावा. दोन साधनांवर एकाच वेळी ध्वनिमुद्रण करावे, पहिल्या दोन मिनिटांचे ऐकून पाहावे, आणि ध्वनिमुद्रण चालू आहे हे कवीला सांगून ते निरोप घेऊन दाराबाहेर पडेपर्यंत थांबवू नये.

संभाषणाच्या सुरुवातीला कवीला ती कविता मोठ्याने वाचायला सांगावे. वाचताना कवी कुठे थांबतो, छापील ओळ तुटते तिथे थांबतो की ओळ ओलांडून पुढे जातो, कोणता शब्द गिळतो, हे पेन्सिलीने आपल्या प्रतीवर खुणा करून ठेवावे, कारण पुढचे निम्मे प्रश्न याच खुणांतून मिळतात. 'इथे ओळ तोडली आहे, पण वाचताना तुम्ही थांबला नाहीत' असे म्हटले की मुक्तछंदात लिहिणारा कवीही लयीविषयी बोलू लागतो. मग ओवी आणि अभंग कानांवर कसे पडले, घरी कोण गात असे, शाहिरी कुठे ऐकली, हे तो स्वतःहून सांगतो. त्यानंतर कविता कशी घडली याकडे जावे. सर्वांत आधी कोणती ओळ सुचली आणि ती आता कितवी आहे, ती कशावर लिहिली, किती दिवस तशीच पडून राहिली, मधून काय काढून टाकले आणि काढलेले कुठे गेले, हे प्रश्न साधे आहेत, पण त्यांची उत्तरे पाठ केलेली नसतात. हल्ली बरेच तरुण कवी गाडीत उभ्याउभ्या फोनवर लिहितात. त्यांना खाडाखोडीची वही दाखवता येत नाही, म्हणून जुने मसुदे त्यांनी कुठे जपले आहेत की पुसून टाकले आहेत, हे जरूर विचारावे.

उत्तर संपल्यासारखे वाटले की लगेच पुढचा प्रश्न टाकू नये. मनात दहापर्यंत अंक मोजावेत. कवी तेवढ्या वेळात बहुधा कवितेकडे पाहत असतो, आणि त्यानंतर जे बोलतो ते अधिक खरे असते.

एका गोष्टीविषयी मी आग्रहाने सांगेन. आपल्याकडे दलित कवीला हालअपेष्टांविषयी, कवयित्रीला घरसंसार सांभाळून कसे लिहिता याविषयी आणि उरलेल्यांना शैलीविषयी विचारण्याची एक रीत पडून गेली आहे, आणि ती मोडायलाच हवी. नारायण सुर्वे अनाथ म्हणून एका गिरणी कामगाराच्या घरी वाढले आणि त्यांनी गिरणीत काम केले, शाळेत शिपाई म्हणून आणि पुढे शिक्षक म्हणून नोकरी केली, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु १९६२ साली 'ऐसा गा मी ब्रह्म' प्रसिद्ध करणाऱ्या या कवीने गिरणगावातल्या माणसाचे तोंडचे बोलणे कवितेत बसवताना वाक्य कुठे तोडले आणि पात्राला बोलते कसे केले, हा कारागिरीचा प्रश्न त्यांच्या आयुष्याच्या हकिकतीपेक्षा कमी विचारला गेला, याची मला खंत वाटते. जगणे आणि कारागिरी कवीच्या बाबतीत वेगळी काढता येत नाहीत हे खरेच आहे. म्हणूनच जगण्याविषयीचा प्रश्नही ओळीतूनच विचारावा. दुःखाचा उल्लेख कवितेत असेल तर त्या शब्दाविषयी विचारावे, नसेल तर कवीने स्वतःहून सांगितल्याखेरीज तिकडे जाऊ नये.

शिक्क्यांचेही तसेच. १९९० नंतर लिहू लागलेल्या कवींना 'नव्वदोत्तरी' म्हणण्याची पद्धत आहे, आणि हेमंत दिवटे यांच्या 'अभिधानंतर'सारख्या नियतकालिकांतून पुढे आलेल्या कवितेवर त्या नावाने पुष्कळ चर्चा झाली आहे. कवीला त्या नावाखाली उभे करून प्रश्न विचारण्याआधी ते नाव त्याला मान्य आहे का, एवढे विचारले तरी पुरते.

लिहून काढण्याचे काम कष्टाचे आहे. एका तासाचे बोलणे उतरवायला मला साधारण सहा तास लागतात, आणि ते दुसऱ्या कोणाकडे सोपवू नये असे मी म्हणेन, कारण आवाजातला चढउतार उतरवतानाच दुसऱ्यांदा ऐकू येतो. बोलण्यातले 'केलं', 'गेलं', 'म्हटलं' छापताना 'केले', 'गेले', 'म्हटले' करू नये. मालवणी, आगरी, वाडवळी किंवा अहिराणी वळणाची वाक्ये प्रमाणभाषेत सरळ करू नयेत, कारण मुलाखतीतला आवाज त्या वळणांतच असतो. अडखळणे आणि पुनरुक्ती मात्र काढायला हरकत नाही. कवी आपला मित्र असेल आणि बोलणे अरे-तुरेचे झाले असेल, तर छापताना ते 'तुम्ही' करावे की नाही हा प्रश्न येतो. मी ते तसेच ठेवतो, पण कवीची संमती घेऊन, कारण 'तू' बदलून 'तुम्ही' केले की प्रश्नांची ठेवण अवघडून जाते आणि वाचकाला ते लगेच जाणवते.

लिहून झालेला मजकूर कवीला दाखवावा आणि तथ्ये, नावे, साल व कवितेच्या ओळी तपासून द्यायला सांगावे. काही कवी या टप्प्यावर सगळी उत्तरे नव्याने लिहू पाहतात. तेव्हा नवा मजकूर टिपेसारखा शेवटी जोडू असे सुचवावे आणि मूळ बोलणे वाचवावे. ज्या वाक्यामुळे कुटुंबातल्या कोणाला त्रास होईल असे कवीला वाटते, ते वाद न घालता काढून टाकावे. संपूर्ण कविता मुलाखतीसोबत छापायची असेल तर लेखी परवानगी हवी. भारतात साहित्यकृतीचा स्वामित्वहक्क लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. १९५६ साली निधन झालेल्या मर्ढेकरांची त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेली कविता आता विनापरवाना छापता येते, पण २०१० साली गेलेल्या सुर्व्यांच्या कवितेसाठी वारसांना किंवा प्रकाशकांना विचारावे लागते. चर्चेच्या ओघात दोन-चार ओळी उद्धृत करायला कायद्याची आडकाठी नाही, पण त्या ओळी पुस्तक समोर ठेवून अक्षर न अक्षर ताडून पाहाव्यात. स्तंभाच्या रुंदीमुळे कवितेची ओळ भलत्याच ठिकाणी मोडण्याचा प्रकार मुद्रणात नेहमी होतो, म्हणून शेवटची प्रत छापायला जाण्यापूर्वी आपण स्वतः पाहावी.

अंक आला की तो कवीला टपालाने न पाठवता नेऊन द्यावा, आणि सोबत संपूर्ण, न कापलेले ध्वनिमुद्रण पेनड्राइव्हवर घालून द्यावे. त्या फाइलला कवीचे नाव, तारीख, ठिकाण आणि वाचलेल्या कवितेचे शीर्षक द्यावे, आणि एक प्रत आपल्याकडे अशा जागी ठेवावी की फोन बदलला तरी ती जाणार नाही.