गादी फेकायच्या आधी माळा बघा

नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या कवेलूच्या घरात ढेकूण गादीच्या शिवणीत कमी अन् छताजवळच्या भिंतीवर जास्त दिसून राहिले असतील तर ते बहुतेक वटवाघळांचे ढेकूण आहेत भौ, दिसायला नेहमीच्या ढेकणासारखेच, सेम टू सेम, भिंगातून पाहिलं तरच मानेजवळचे केस जास्त लांब दिसतात. आम्ही दोनदा गादीवरच स्प्रे मारला, पैसे पाण्यात. माळ्यावरची वटवाघळं गेली की हे उपाशी खाली उतरतात, म्हणून नुसत्या फटी बुजवून भागत नाही. पिल्लं उडायला लागली की फटीवर वरून जाळी लटकवा, खालून मोकळी, म्हणजे बाहेर पडतात पण परत शिरता येत नाही. मग फट बुजवायची, मास्क लावून लेंड्या ओल्या करून उचलायच्या (कोरड्या झाडू नका) अन् पेस्ट कंट्रोलवाल्याला माळ्यावर चढवायचं, तो टाळतो बरं का.