गोव्याच्या दौऱ्यात वाद्य बिघडले तर

जत्रेतील नाटकासाठी, भजनी सप्ताहासाठी किंवा मैफलीसाठी महाराष्ट्रातून गोव्यात येणाऱ्या मंडळींचा मुक्काम बहुधा फिरता असतो. आज म्हार्दोळ, उद्या साखळी, परवा पेडणे अशा धावपळीत पेटीचा एखादा सूर बसला किंवा तबल्याची पुडी (तोंडावरचे कातडे) फुटली, तर वाद्य कारागिराकडे ठेवून चार दिवस थांबण्याची सवड कोणालाच नसते. म्हणून दौऱ्यातील दुरुस्तीला एक नियम लावावा. वाद्य संध्याकाळपर्यंत वाजते होईल, पण पुढे आपल्या नेहमीच्या कारागिराला ते काम सहज उलगडता येईल, एवढेच करू द्यावे. घासणे, तासणे आणि झटपट चिकटणारा डिंक लावणे या तीन गोष्टींना, समोरचा माणूस कितीही आग्रह करो, नम्रपणे नकार द्यावा.

मदतीसाठी बाजारात दुकान शोधत फिरण्यापेक्षा ज्या देवळात किंवा सभागृहात कार्यक्रम आहे, तिथल्या स्थानिक साथीदारांना आधी विचारावे. गोव्यात गावोगावी भजनाची परंपरा आहे आणि जत्रेला हौशी नाटक उभे करणारी मंडळीही आहेत. त्यामुळे पेटी कोण उघडतो आणि पुडी कोण चढवतो, हे त्यांना नेमके ठाऊक असते. पणजीत कला अकादमीतील किंवा आल्तिन्यावरील गोवा संगीत महाविद्यालयातील शिक्षकांकडे, फोंड्यात राजीव गांधी कला मंदिरात, मडगावात रवींद्र भवनात चौकशी करावी. व्हायोलिन, ट्रंपेट किंवा सॅक्सोफोन बिघडला असेल, तर सासष्टीत, म्हणजे मडगावच्या तालुक्यात, चर्चमधील वादक आणि तियात्राला (कोकणी संगीत नाटकाला) साथ करणारे वादक योग्य माणसाकडे पाठवतील. दुपारी जेवणानंतर बरीच दुकाने बंद असतात, तेव्हा निघायचे ते सकाळीच. चतुर्थीच्या दिवसांत तर कारागीर भेटेलच असे गृहीत धरू नये, कारण आरतीची वाद्ये आधीच त्यांच्याकडे रांगेत असतात आणि सणात घरोघरी तेही गुंतलेले असतात.

पेटीच्या तक्रारी सर्वांत जास्त, आणि त्यांतल्या बऱ्याच जागेवर सुटणाऱ्या असतात. मात्र दोष कोणता आहे हे आधी नीट ओळखावे. सूर अजिबात बोलत नसेल, तर पितळी जिभेत आणि तिच्या चौकटीत धुळीचा कण अडकलेला असण्याची शक्यता मोठी असते. ती पट्टी दाबून ठेवून भाता जरा जोराने मारावा. पुष्कळदा एवढ्याने कण उडून जातो. न गेल्यास सुरांची फळी बाहेर काढून पातळ, गुळगुळीत कागद जिभेखालून हलक्या हाताने फिरवावा. जीभ वाकवू नये. सूर थोडा चढला किंवा उतरला असेल, तर त्या रात्री तसाच चालवून घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. जिभेचे टोक घासले की सूर चढतो, मुळाशी घासले की उतरतो. पण घासलेले पितळ परत येत नाही, आणि घाईत घासलेला सूर पुढे पुन्हा पुन्हा लावावा लागतो.

पट्टी सोडल्यावरही सूर बोलत राहिला, तर झडप नीट बसत नाही असे समजावे. स्प्रिंग निसटली असेल तर ती जागी बसवणे हे काही मिनिटांचे काम आहे. पावसाळ्यात मात्र गोव्याच्या दमट हवेने लाकूड फुगते आणि शेजारच्या पट्ट्या एकमेकींना घासतात. अशा वेळी कोणी पट्टीची कड पॉलिश पेपरने घासू लागला तर त्याला थांबवावे, कारण घाटावरच्या कोरड्या हवेत लाकूड आकसल्यावर तीच पट्टी ढिली होऊन खडखडू लागते. पेटी काही तास कोरड्या खोलीत, पंख्याखाली, उघडी ठेवणे अधिक शहाणपणाचे. भात्यातून हवा जात असेल, तर कोणतीही पट्टी न दाबता भाता भरून कान देऊन ऐकावे. फुसफुस जिथून येते तिथे पातळ कापडाची पट्टी पाण्याने सुटणाऱ्या खळीने चिकटवावी.

तबल्याची पुडी फाटली तर ती बदलण्यावाचून गत्यंतर नाही. नवी पुडी वादी (चामड्याची दोरी) ओढून चढवल्यावर ताणली जाते आणि सूर काही काळ उतरत राहतो, म्हणून हे काम शक्यतो आदल्या दिवशी करवून घ्यावे. आपल्या तबल्याच्या तोंडाचे इंचांतील माप आणि लागणारा सूर, उदाहरणार्थ काळी दोन (पेटीची दुसरी काळी पट्टी), कागदावर लिहून नेल्यास कारागिराचा वेळ वाचतो. दमट हवेने डग्गा सैल पडला तरी तो विस्तवाजवळ किंवा कडक उन्हात ठेवू नये. शाईला तडे जातात. घुमट, म्हणजे मातीच्या भांड्याला कातडे मढवलेले गोव्याचे वाद्य, याचे कातडे फुटले असेल, तर बकरीचे लावून घ्यावे. २०१९ मध्ये या वाद्याला गोव्याचे वारसा वाद्य म्हणून मान्यता मिळाली. परंतु पूर्वी त्यावर चढवले जाणारे घोरपडीचे कातडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने निषिद्ध आहे. कोणी ते देऊ केले तरी घेऊ नये.

तंबोऱ्याची तार तुटली तर बदलावी, खुंटी सरकत असेल तर खडूची पूड लावावी, आणि तिथेच थांबावे. जव्हारी (तारेचा घुमारा) बिघडली असेल तर घोडीला, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीला, कानस लावू न देता इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्यावर कार्यक्रम निभवावा आणि दौरा संपल्यावर वाद्य मिरजेला न्यावे. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि वास्कोहून सुटणारी गोवा एक्सप्रेस मडगाव, बेळगावमार्गे थेट मिरजेलाच जाते.

अँप्लिफायर मुका झाला तर सॉकेट, वायर, फ्यूज, केबल या क्रमाने तपासावे. फ्यूज त्याच अँपिअरचा घालावा, त्याच्या जागी तार गुंडाळू नये. दुसराही लगेच गेला तर दोष आत आहे, तेव्हा यंत्र बाजूला ठेवावे. केबल बहुधा पिनेजवळ तुटते, आणि मंडपातील ध्वनिवाल्याकडे सोल्डर असतेच.

वाद्य कारागिराच्या हाती देताना तक्रार एका ओळीत लिहून द्यावी, आतल्या भागांचे छायाचित्र काढून ठेवावे आणि बदललेले जुने भाग परत मागावेत. घेताना त्याच्यासमोरच पेटीची प्रत्येक पट्टी खर्जापासून तारापर्यंत सावकाश वाजवून पाहावी. हे सारे प्रयोगाच्या दोन-तीन तास आधी उरकावे, म्हणजे काम पसंत पडले नाही तरी गावातल्या भजनी मंडळाकडून रात्रीपुरती पेटी मागून आणायला आणि ती आपल्या तबल्याशी मिळते का हे पाहायला वेळ हाताशी राहतो.