फोनमधला जाहिरात आयडी आधी उडवा

"माझ्याकडे लपवण्यासारखं आहेच काय" म्हणणाऱ्यांनी २०१८ आठवावं, फेसबुकवरच्या सुमारे ८.७ कोटी लोकांचा डेटा केंब्रिज अ‍ॅनालिटिका नावाच्या राजकीय सल्लागार कंपनीकडे गेल्याचं बाहेर आलं आणि त्यातल्या बहुतेकांनी हा डेटा गोळा करणारं क्विझचं अ‍ॅप कधी उघडलंही नव्हतं, उघडलं होतं त्यांच्या कुठल्यातरी मित्राने! २०१९ मध्ये अमेरिकेत फेसबुकला ५ अब्ज डॉलर दंड झाला, पण धंदा चालूच. आणि नेतेमंडळी काही करतील म्हणाल तर प्रचाराला त्यांनाही हाच डेटा लागतो.

तर जाहिरात आयडी म्हणजे जाहिरातवाल्यांना तुमचा फोन ओळखता यावा म्हणून फोनला दिलेला नंबर, तो उडवायला अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये गूगल, मग अ‍ॅड्स, तिथे डिलीट अ‍ॅडव्हर्टायझिंग आयडी दाबा, सापडत नसेल तर वर सर्चमध्ये अ‍ॅड्स टाका कारण प्रत्येक फोनमध्ये जागा वेगळी. आयफोनवाल्यांनी प्रायव्हसीमध्ये ट्रॅकिंग उघडून अ‍ॅप्सना विचारायची परवानगीच बंद करायची.

मग परमिशन मॅनेजर, म्हणजे कोणाला फोनमधलं काय बघायची परवानगी दिलीय ती यादी. इथे घाई नको, एकेक अ‍ॅप बघा. माझ्या फोनमधल्या एका टॉर्चच्या अ‍ॅपला कॉन्टॅक्ट्स आणि लोकेशन दोन्ही दिलेलं निघालं, उजेड पाडायला माझ्या आत्याचा नंबर कशाला रे बाबा? काढूनच टाकलं. लोकेशन "फक्त वापरताना" ठेवा, हवामानाच्या अ‍ॅपला तर अचूक जागाही लागत नाही, तेवढं प्रिसाइजचं बटण बंद करा.

जाहिराती यानंतरही दिसणारच, आणि लॉगिन करून जे बघाल ते त्या कंपनीला कळणारच, ते या बटणांनी थांबत नाही.