ठेव विम्याची जाहिरात करताय? सहकारी बँका आणि पतसंस्थांनी या चुका टाळाव्यात

वर्धापन दिनाच्या आदल्या संध्याकाळी एका पतसंस्थेचे मॅनेजर माझ्या छपाईच्या दुकानात आले. दहा बाय सहाचा फ्लेक्स, वर चेअरमनसाहेबांचा हात जोडलेला फोटो, खाली व्याजदराचा तक्ता. मजकूर व्हॉट्सॲपवर आधीच आला होता आणि त्याची शेवटची ओळ होती, ‘आपल्या ठेवी ५ लाखांपर्यंत सुरक्षित.’

मी विचारलं, ‘‘साहेब, हे ५ लाख कुठून आले?’’

‘‘अहो, शेजारच्या अर्बन बँकेच्या पत्रकावर आहे की. तेच घेतलं.’’

छपाईच्या धंद्यात राहून सहकारी संस्थांची पत्रकं, फ्लेक्स, दिनदर्शिका करताना ठेव विम्याबद्दल (म्हणजे बँक अडचणीत आली तर ठेवीदाराला ठराविक मर्यादेपर्यंत पैसे देणाऱ्या विम्याबद्दल) जेवढ्या चुका पाहिल्या, त्यातल्या निम्म्या अशाच शेजाऱ्याच्या पत्रकावरून उतरवलेल्या होत्या. बहुतेकांची फसवायची इच्छा नसते. एक वाक्य छान वाटलं, घेतलं, एवढंच. पण संस्थेवर निर्बंध आले की लोक तेच पत्रक घडी उलगडून काउंटरवर ठेवतात.

पतसंस्थेच्या जाहिरातीत ५ लाख

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून हिच्यावर जरा थांबतो.

५ लाखांचा विमा देते डीआयसीजीसी, म्हणजे ठेव विमा आणि पत हमी महामंडळ. ही रिझर्व्ह बँकेच्या पूर्ण मालकीची कंपनी. तिचं संरक्षण बँकांना आहे : सरकारी, खासगी, ग्रामीण, स्मॉल फायनान्स, पेमेंट बँक आणि सहकारी बँका (नागरी, जिल्हा मध्यवर्ती, राज्य). पतसंस्था ही बँक नाही. ती महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली नोंदलेली असो किंवा २००२ च्या बहुराज्य कायद्याखाली, तिच्या ठेवींना डीआयसीजीसीचा विमा लागू नाही. ‘मल्टिस्टेट’ शब्दाने लोक दबकतात, काहीतरी मोठं, दिल्लीचं वाटतं. विम्याच्या बाबतीत त्या शब्दाने काडीचाही फरक पडत नाही.

मग पळवाटा निघतात. ‘आमचा सगळा पैसा जिल्हा बँकेत असतो, तिथं विमा आहे ना?’ आहे. पण तिथं ठेवीदार कोण? पतसंस्था. एकच ठेवीदार. समजा ४०० सभासदांच्या पैशातून संस्थेने बँकेत २ कोटी ठेवले आणि बँकेवर निर्बंध आले, तर विम्यातून संस्थेला मिळतील फार तर ५ लाख. ४०० जणांत वाटले तर माणशी साडेबाराशे रुपये. हे गणित पत्रकावर कुणी छापत नाही.

दुसरी पळवाट ‘विमा’ या शब्दातच लपलेली असते. तिजोरीतली रोकड आणि बँकेत नेता-आणतानाची रोकड यांचा विमा संस्था काढते. चोरी-दरोड्यासाठी तो हवाच. पण पत्रकावर तो येतो ‘विमा संरक्षित ठेवी’ होऊन. किंवा ठेवीसोबत ठेवीदाराचा अपघाती विमा दिलेला असतो आणि मथळा होतो ‘विम्यासह ठेव योजना’. तो विमा माणसाचा आहे, ठेवीचा नाही. संस्था बुडाली आणि माणूस धडधाकट राहिला तर त्या विम्यातून छदामही मिळणार नाही.

राज्याच्या सहकार कायद्यात पतसंस्थांसाठी नियामक मंडळ आहे, स्थिरीकरण व तरलता साहाय्य निधीची (अडचणीतल्या संस्थांना मदतीसाठीच्या निधीची) तरतूद आहे. संस्था त्यात सहभागी असेल तर जरूर सांगा, पण त्याच्या स्वतःच्या नावाने सांगा. त्याला ‘ठेव विमा’ म्हणू नका आणि त्याच्या शेजारी डीआयसीजीसीचं बोधचिन्ह तर अजिबात लावू नका.

मॅनेजरसाहेबांना मी जे वाक्य सुचवलं ते असं : ‘ही संस्था बँक नाही. संस्थेतील ठेवींना डीआयसीजीसीचे विमा संरक्षण लागू नाही.’ त्यांचा चेहरा असा झाला, जणू मी वर्धापन दिनाच्या फ्लेक्सवर श्रद्धांजली छापायला सांगतोय. शेवटी तडजोड झाली. ५ लाखांची ओळ उडाली, आणि माझं वाक्य फ्लेक्सऐवजी ठेव अर्जावर, सहीच्या वर गेलं. खरं तर दोन्हीकडे हवं होतं.

‘बँक’ हा शब्द सहज वापरणं

‘तुमची घरची बँक’, ‘महिलांची हक्काची बँक’. कानाला गोड लागतं. पण परवाना नसलेल्या संस्थेने नावात किंवा व्यवहारात ‘बँक’ शब्द वापरणं बँकिंग नियमन कायद्यात बसत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने याबद्दल लोकांना जाहीर सावध केलं होतं, आणि अशा संस्थांतल्या ठेवींना डीआयसीजीसीचा विमा नाही हेही त्याच निवेदनात सांगितलं होतं. दोन गोष्टी एकत्र सांगण्याचं कारण उघड आहे. माणूस ‘बँक’ वाचतो आणि विमा मनातल्या मनात स्वतःच जोडून घेतो.

‘प्रत्येक खात्याला ५ लाख’

आता खऱ्या बँकांकडे वळू. इथं विमा आहे, चूक आकड्याच्या आजूबाजूला होते.

५ लाखांची मर्यादा खात्याला नसते, ती एका बँकेतल्या एका ठेवीदाराला असते. सगळ्या शाखा आणि सगळी खाती एकत्र धरून. शिवाय त्यात मुद्दल आणि व्याज दोन्ही आलं. उदाहरण घ्या. बाजारपेठ शाखेत बचत खात्यावर ६०,०००, स्टेशन रोड शाखेत ४,२०,००० ची मुदत ठेव आणि त्यावर साठलेलं व्याज ३१,०००. बेरीज ५,११,०००. विम्यात बसले ५ लाख, वरचे ११,००० बाहेर. स्वतःच्या नावाचं खातं आणि एकट्याच्या मालकीच्या दुकानाचं खातं, हेही एकत्रच धरतात.

म्हणूनच ‘५ लाख ठेवा, निर्धास्त राहा’ ही ओळ जेवढी लोकप्रिय तेवढीच घसरडी. बरोबर ५ लाख ठेवले तर पहिल्या दिवसापासूनचं व्याज मर्यादेबाहेर. वर्षाला ८ टक्के व्याज असेल तर ४,६०,००० ठेवणाऱ्याची वर्षअखेरची रक्कम पाच लाखांच्या आत राहते. जाहिरातीत आकडा द्यायचाच असेल तर ‘मुद्दल व व्याज मिळून’ हे चार शब्द त्याच अक्षरांत, त्याच ओळीत द्या. खाली तारांकन करून मुंगीएवढ्या टायपात नको.

संयुक्त खात्यांचा नियम थोडा गमतीचा आहे. दोघांची नावं दोन खात्यांवर एकाच क्रमाने असतील तर ती एकत्र धरतात. क्रम उलटा असेल तर ती वेगळी धरली जातात आणि मर्यादाही वेगळी मिळते. हे खरं आहे, काउंटरवर विचारणाऱ्याला सांगायलाही हरकत नाही. पण एका बँकेने यावरून (दोघांची दोन वैयक्तिक आणि दोन संयुक्त खाती धरून) ‘नावे फिरवा, २० लाख सुरक्षित करा’ असं पत्रक काढायला घेतलं, तेव्हा मी हात जोडले. ‘आमची बँक बुडाली तर काय कराल’ याची स्वतःहून जाहिरात करणारी ती पहिलीच बँक ठरली असती!

शेअर, कर्ज आणि इतर गोष्टी

सहकारी बँकेत कर्जदार बहुधा सभासद, म्हणजे शेअरधारकही असतो, काही ठेवीदारही असतात. शेअरवर विमा नाही. लॉकरला नाही. बँकेत बसून विकलेल्या म्युच्युअल फंडाला नाही. एकाच पत्रकात ठेव, शेअर आणि लॉकर यांची माहिती असेल तर विम्याची ओळ ठेवीच्या चौकटीतच ठेवा, पानाच्या तळाशी सगळ्यांना मिळून नको.

आणि ठेवीदाराचं त्याच बँकेत कर्ज थकलेलं असेल तर बँकेला ते वळतं करून घेता येतं, विम्याचा हिशेब उरलेल्या रकमेवर होतो. हे प्रत्येक जाहिरातीत लिहायला नको, पण ठेव तारण कर्जाच्या पत्रकात तरी असावं.

जुना आकडा, चुकीची घाई

काही शाखांत अजून १ लाखाचे बोर्ड दिसतात. ती मर्यादा १९९३ पासूनची, ५ लाख झाले ४ फेब्रुवारी २०२० पासून. (१९६२ मध्ये योजना सुरू झाली तेव्हा मर्यादा १,५०० रुपये होती. आज त्यात धड एक फ्लेक्सही होत नाही.) बोर्ड जुना राहिला की ठेवीदाराला वाटतं, बँकेचंच काहीतरी कमी आहे.

याच्या उलट चूक म्हणजे ‘काही झाल्यास ५ लाख तत्काळ परत’. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी या सहकारी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खात्यातून फक्त १,००० रुपये काढायला परवानगी होती. मुंबई-ठाण्यातल्या कितीतरी घरांना ‘तत्काळ’ म्हणजे काय ते तेव्हा कळलं. डीआयसीजीसी कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर, पैसे काढण्यावर निर्बंध आल्यास विम्याची रक्कम ९० दिवसांत मिळायची तरतूद झाली. जाहिरातीत ९० दिवस लिहा, नाहीतर मुदतीबद्दल काहीच लिहू नका.

‘मोफत विमा’ हाही असाच एक शब्द. हप्ता बँकेनेच भरायचा असतो, ठेवीदाराकडून घ्यायचा नसतो. कायद्याने जे द्यावंच लागतं ते भेट म्हणून छापू नये. ‘रिझर्व्ह बँक मान्यताप्राप्त, म्हणून १०० टक्के सुरक्षित’ हेही टाळा. परवाना म्हणजे हमी नव्हे.

क्यूआर कोडचा घोळ

१ सप्टेंबर २०२३ पासून बँकांनी संकेतस्थळावर आणि इंटरनेट बँकिंगच्या पानावर डीआयसीजीसीचं बोधचिन्ह आणि क्यूआर कोड ठळकपणे दाखवायचा आहे. इथल्या चुका आमच्या बाजूच्या असतात. व्हॉट्सॲपवरून आलेला, धूसर झालेला कोड तसाच डिझाइनमध्ये ओढला जातो आणि स्कॅनच होत नाही. किंवा सौंदर्यदृष्टी जागी होते आणि कोड बँकेच्या भगव्या रंगात रंगवला जातो. छापण्याआधी दोन वेगवेगळ्या फोनवर स्कॅन करून बघा. डीआयसीजीसीचंच संकेतस्थळ उघडलं पाहिजे. तिथं विमाधारक बँकांची यादीही आहे, त्यात आपल्या बँकेचं नाव शोधून ठेवा. एखादा ठेवीदार नक्की शोधणार आहे.

किती मोठ्या अक्षरांत?

अमेरिकेतल्या क्रेडिट युनियन म्हणजे साधारण आपल्या पतसंस्थांच्या चुलतबहिणी. तिथं एनसीयूए ही सरकारी संस्था अडीच लाख डॉलरपर्यंत विमा देते, आणि जाहिरातीत छापायचं वाक्यच ठरवून दिलेलं आहे. जाहिरातीतल्या माहितीच्या सगळ्यात लहान अक्षरापेक्षा ते लहान असता कामा नये. इंग्रजीऐवजी दुसऱ्या भाषेत छापायचं तर भाषांतरालाही आधी मंजुरी लागते. आपल्याकडे असं एकच ठरीव वाक्य रुजलेलं नाही, म्हणून जो तो आपल्या शैलीत लिहितो आणि शैली आली की घोटाळा आला. बँकांसाठी मी साधारण हे वाक्य वापरतो : ‘या बँकेतील ठेवींना डीआयसीजीसीचे विमा संरक्षण आहे : एका ठेवीदाराच्या सर्व शाखांतील ठेवी एकत्र धरून, मुद्दल व व्याज मिळून, कमाल ५ लाख रुपये.’ लांब आहे, मान्य. पण यातला एकही शब्द काढला की अर्थ बदलतो.

छापून झालंय, आता?

फ्लेक्सवर स्टिकर चिकटवू नका. पहिल्या पावसात तो गळतो आणि खालची ओळ जास्तच उठून दिसते. फ्लेक्स उतरवा. पत्रकं परत मागवा. पिग्मी एजंटांच्या पिशवीत हमखास एक गठ्ठा उरलेला असतो, तोही. एजंटांना बसवून नवीन वाक्य तोंडपाठ करून घ्या, कारण दारात उभं राहून ते जे बोलतात तीही जाहिरातच. व्हॉट्सॲप गटात दुरुस्त मजकूर टाकताना ‘आधीचा मजकूर चुकीचा होता’ हे स्पष्ट लिहा. नुसता नवा टाकला तर लोक दोन्ही पुढे पाठवतात.

आणि उतरवलेला फ्लेक्स कुणाला द्यायचा असेल तर मजकुराची पट्टी कापून द्या. आमच्याकडे जुना फ्लेक्स वाया जात नाही, कांद्याच्या चाळीवर नाहीतर गोठ्यावर जातो. रस्त्यालगतच्या एका गोठ्यावर अजून ‘५ लाखांपर्यंत सुरक्षित’ झळकतंय, खाली संस्थेचा फोन नंबरही शाबूत. मालकाला सांगून पाहिलं. ‘‘पावसाळा होऊ द्या, मग काढतो,’’ म्हणाला.