हवामानशास्त्रातून हवामानबदलाच्या शिक्षणाकडे वळायचं असेल तर

मी पुण्यात मान्सूनच्या मॉडेलवर काम करायचे. आता शाळेतली मुलं हवामानबदल कसा समजून घेतात, यावर संशोधन करते. 'इकडे यायचं कसं?' असं विचारणाऱ्या तरुण सहकाऱ्यांसाठी हे लिहितेय.

नोकरी लगेच सोडू नका. आधी एखाद्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसा. शास्त्रज्ञ आले म्हटल्यावर मुख्याध्यापक हातात माइक देतीलच. तो हसून परत करा. व्याख्यानं द्यायला हरकत नाही, पण ते संशोधन नव्हे.

नववीच्या मुलांना विचारा, पृथ्वी का तापतेय? ओझोनच्या थराला भोक पडलंय, तिथून जास्त ऊन आत येतं, असं कुणीतरी हमखास सांगेल. १९९०च्या दशकापासून देशोदेशीच्या अभ्यासांत हे उत्तर सापडत आलंय. चूक सुधारायला तुमची जीभ शिवशिवेल. आवरा. कागद पुढे सरकवून म्हणा, 'चित्र काढून दाखव बरं.' सूर्याकडून खाली येणारे बाण दिसतील, जमिनीकडून वर जाणाऱ्या आणि हवेतल्या वायूंमुळे अडणाऱ्या उष्णतेचा एकही नसेल. मग विचारा, 'निरभ्र रात्री गारठा पडतो आणि ढगाळ रात्री पडत नाही, असं का?' इथे तुमचं जुनं शास्त्र उपयोगी पडतं. एखादी मुलगी पेन्सिल चावत थांबते, खोडते, वर जाणारा बाण काढते. तो खोडलेला कागद जपून ठेवा. तोच डेटा.

मुलाखती रेकॉर्ड करण्याआधी पालकांची लेखी संमती आणि संस्थेच्या नीतिसमितीची मंजुरी घ्या. नंतर ऐकून शब्दन् शब्द स्वतः उतरवा. कंटाळवाणं आहे, तरी दुसऱ्याच्या गळ्यात घालू नका. उत्तरांचे गट पाडताना दुसऱ्या कुणीतरी तीच उत्तरं स्वतंत्रपणे वाचायला हवीत. दोघांचं किती जुळतं हे पाहायला कोहेनचा कॅपा नावाचा आकडा काढतात. मॉडेलं चालवणाऱ्याला ते एका दुपारी येईल. गप्प बसून ऐकायला मात्र वेळ लागतो.

रीतसर शिकायचं असेल तर मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं हे केंद्र १९७४ साली सुरू झालं. तिथे विज्ञान शिक्षणात पीएचडी करता येते.

जुनं काम टाकून देऊ नका. हवामान खात्याच्या पुणे कार्यालयाकडून १९०१ पासूनच्या पावसाचे आकडे मिळतात, नकाशावर अक्षांश-रेखांशाच्या दर ०.२५ अंशाला एक चौकोन अशा जाळीवर मांडलेले. त्यातून शाळेच्या परिसराचा जून ते सप्टेंबरचा पाऊस काढा आणि आलेखाच्या कागदावर मुलांनाच बिंदू मांडू द्या. प्रत्येक गटाला सुरुवातीचं वर्ष वेगळं द्या. एक गट पाऊस वाढतोय म्हणेल, दुसरा घटतोय, आणि भांडण जुंपलं की तीस वर्षांच्या सरासरीची गोष्ट काढा. २६ जुलै २००५चे आकडेही फळ्यावर लिहा: सांताक्रूझ ९४४ मिलिमीटर, कुलाबा ७३. एकाच शहरात, एकाच दिवशी. एवढ्यावरून हवामान बदललं म्हणता येईल का, ते मुलांनाच ठरवू द्या.

धडा झाल्या झाल्या घेतलेल्या चाचणीवर विसंबू नका. दिवाळीच्या सुट्टीनंतर तेच प्रश्न पुन्हा द्या. त्यासाठी शाळेशी जूनमध्येच बोलून तारखा घ्या. सहामाही आणि स्नेहसंमेलनाच्या आसपास तुम्हाला कुणी वर्ग देणार नाही.