बायोडिग्रेडेबल कचरापिशवी घेताय? या चुका टाळा

पिशवी हिरवी आहे, वर पान छापलंय, म्हणजे ती मातीत जिरणारच, असं धरून चालणं ही पहिली चूक. पाकीट उलटून पाहा. 'कंपोस्टेबल' (म्हणजे खत होणारी) हा शब्द, आयएस/आयएसओ 17088 हे मानक आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रमाणपत्राचा क्रमांक नसेल तर दुकानातच ठेवून या. 'ऑक्सो' (लवकर तुटावं म्हणून रसायन मिसळलेलं साधंच प्लास्टिक) लिहिलं असेल तर विचारूच नका. त्या प्लास्टिकचा नुसता चुरा होतो. युरोपीय संघाने 2021 पासून त्यावर बंदी घातली आहे.

दुसरी चूक माझ्या डोक्यात जाते. आमच्या गच्चीवर सोसायटीचे खताचे ड्रम आहेत. काही उत्साही मंडळींनी अस्सल कंपोस्टेबल पिशव्या गाठ मारून अख्ख्याच त्यात टाकल्या. निवडायचा कंटाळा, दुसरं काय! पावसाळा उलटल्यावर ड्रम उपसला. सुट्ट्या टाकलेल्या साली-देठांचं काळंभोर खत झालेलं, आणि पिशव्या जशाच्या तशा, टम्म. एकीची गाठ सोडली आणि समोरच्या इमारतीतल्या खिडक्या धडाधड बंद झाल्या. आत वाराच नाही, मग खत कसलं होतंय? फाटक्या पट्ट्या चाळणीतून वेचत बसले कोण, तर माळीकाका.

ही पिशवी तपासतात ती कारखान्यातल्या खतासारख्या उष्णतेत, 58 अंशांच्या आसपास. घरचा ड्रम इतका तापला तरी फार दिवस टिकत नाही. ब्रिटनमधल्या प्लिमथ विद्यापीठाच्या 2019 च्या अभ्यासात कंपोस्टेबल पिशवी मातीत 27 महिन्यांनंतरही सापडली. वजन घातल्यावर फाटली, एवढंच. आणि 'बायोडिग्रेडेबल' म्हणून विकलेली पिशवी तीन वर्षांनीही बाजारहाट पेलत होती!

माझ्याकडे ओल्या कचऱ्याला पिशवीच नसते. झाकणाचा डबा, तळाला वर्तमानपत्राची घडी. भाजीचं पाणी आधी सिंकच्या जाळीत निथळतं. सकाळी डबा ड्रममध्ये पालथा, लगेच विसळून उन्हात. 'रोज डबा कोण धुणार' म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

बाकी किरकोळ. स्वस्त पडतं म्हणून वर्षभराचे रोल भरून ठेवू नका, उष्म्याने आणि दमटपणाने ते फाटतात. या पिशव्या प्लास्टिकच्या भंगारात देऊ नका, त्याने चांगला मालही बिघडतो. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल खूण करा, वेगळे द्या.

पैसे वसूल होतात ते एकाच ठिकाणी: तुमचा ओला कचरा जिथे जातो त्या खतप्रकल्पात ढीग नीट तापत असेल आणि तिथले लोक पिशवीसकट घेत असतील तर. घंटागाडीवाल्याला आधी विचारा, मग रोल आणा.